गिंपमध्ये आकाशकंदील पेटवा: फोटोतला उजेड खरा वाटावा म्हणून काय काय करायचं

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या, मंडळाच्या, दुकानाच्या शुभेच्छापत्राचं काम घरातल्या 'ज्याला कॉम्प्युटर येतो' त्याच्या गळ्यात पडतं. तो मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये 'ग्लो' नावाचं बटण शोधतो, दाबतो आणि सगळा फोटो दुधाळ होतो. कंदील काही पेटत नाही, लेन्सवर वाफ धरल्यासारखं मात्र दिसतं. अशी कामं करणाऱ्या आणि यंदा पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्या लोकांसाठी हे लिहितोय.

आपण काय करणार? बाल्कनीत टांगलेल्या, न पेटलेल्या कंदिलाचा फोटो घ्यायचा, तो पेटवायचा आणि वर मोकळ्या आकाशात 'शुभ दीपावली' ही अक्षरं निऑनसारखी उजळवायची. सगळं गिंपमध्ये. गिंप (GIMP) म्हणजे कॉम्प्युटरवर फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि या कामाला पुरून उरतं. १९९५च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं आणि आजही ते स्वयंसेवकांच्या जोरावर चाललंय. पैसे भरून घेतलेलं फोटोशॉप तुमच्याकडे असेल तरी पायऱ्या याच, फक्त मेनू थोडे इकडेतिकडे.

काय काय लागेल

- गिंप २.१० किंवा ३.०. मार्च २०२५मध्ये ३.० आलं. नवीन घेत असाल तर ते किंवा त्यापुढचं घ्या. जुन्या लॅपटॉपवर २.१० असेल तर बदलायची गरज नाही.
- निदान ४ जीबी रॅम. ८ असेल तर बरं.
- फोटो. मोबाइलचा चालेल, पण मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवरून आलेली नको.
- युनिकोड देवनागरी फॉन्ट. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि छापायलाही परवानगी आहे.
- माउस. टचपॅडवर कंदिलाची टोकं निवडणं म्हणजे शिक्षा आहे.

गिंप उतरवताना एक सांभाळा. शोधयंत्रात 'फ्री डाउनलोड' टाकून येणाऱ्या पहिल्या दुव्यावर जाऊ नका. गिंपच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. भलत्या ठिकाणच्या इन्स्टॉलरबरोबर नको ती खोगीरभरती कॉम्प्युटरमध्ये शिरते.

मेनूंची नावं मी स्क्रीनवर दिसतात तशीच, फक्त देवनागरीत लिहितोय. 'फिल्टर्स → ब्लर → गॉशियन ब्लर' असं दिसलं की वरच्या मेनूपासून तसं तसं आत जायचं.

१. फोटो निवडताना

आधी एक स्पष्ट सांगतो: कंदिलात बल्ब लावून फोटो काढता येत असेल तर तोच काढा. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आकाशात गडद निळा रंग शिल्लक असताना. त्या वेळी आकाश आणि कंदील दोन्ही एकाच फोटोत नीट येतात आणि तुमचं निम्मं काम वाचतं. पण बरेचदा फोटो दुपारी दुकानात काढलेला असतो, किंवा वायर पोचत नाही, किंवा पत्रिका आजच हवी असते. त्यासाठी पुढचा खटाटोप.

न पेटलेल्या कंदिलाचा फोटो निवडताना तीन गोष्टी बघा. कंदिलावर थेट ऊन पडलेलं नको. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असेल तर आतून पेटलेला तो कधीच वाटत नाही. कंदिलाजवळ भिंत, ग्रिल, छत, कुंडी असं काहीतरी हवं. उजेड पडायला जागा लागते, नुसत्या आकाशात लटकणारा कंदील पेटवणं उलट अवघड जातं. आणि कागद पांढराफटक उडालेला नको, त्याची वीण, सुरकुत्या दिसायला हव्यात.

२. काम सुरू करण्याआधीची दोन मिनिटं

फोटो उघडला की लगेच 'फाइल → सेव्ह ॲज' करून एक्ससीएफ या प्रकारात जतन करा. गिंपमध्ये 'सेव्ह' म्हणजे फक्त एक्ससीएफ. जेपीजी किंवा पीएनजी हवं तर 'एक्स्पोर्ट ॲज'. नव्या माणसाचा यात हमखास गोंधळ होतो. जेपीजी करून खिडकी बंद केली की सगळे लेअर (एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे बदलता येणारे थर) गेले, मग दुसऱ्या दिवशी 'नाव जरा मोठं करा ना' असा फोन आला की पहिल्यापासून.

दुसरं, 'इमेज → प्रिसिजन'मध्ये जाऊन १६ बिट निवडा. मोबाइलचा फोटो ८ बिटचा असतो, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या. एरवी तेवढ्या पुरतात. पण काळ्यानिळ्या आकाशात हळूहळू विरत जाणारा उजेड काढायचा तर त्यातल्या अगदी थोड्या पायऱ्या वाट्याला येतात आणि कंदिलाभोवती गोल गोल पट्टे दिसायला लागतात. १६ बिटवर ते बरेच कमी होतात. गिंप गॅमाविषयी विचारेल, तिथे आहे ते राहू द्या.

३. आधी अंधार करा

नवखे लोक हीच पायरी गाळतात. दुपारच्या फोटोत भिंतीचा उजळपणा २२० आणि कंदिलाचा २३० असेल, तर २५५ ही कमाल मर्यादा असताना कंदिलाला चमकायला जागा किती उरली? पंचवीस. त्यात काय चमकणार! म्हणून आजूबाजूचं सगळं खाली ओढायचं.

नवा लेअर घ्या (कंट्रोल + शिफ्ट + एन). गडद निळा रंग भरा. लाल ६०, हिरवा ७५, निळा १२५ इथून सुरुवात करा. लेअरचा मोड, म्हणजे तो खालच्या थरांत कसा मिसळतो ते, 'मल्टिप्लाय' ठेवा. फोटो एकदम तिन्हीसांजेचा होईल. फार काळवंडला तर लेअरची ओपॅसिटी (तो किती गडद दिसतो ते) ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आणा. काळा रंग भरू नका. काळ्याने फोटो फक्त मळका होतो. संध्याकाळचा उजेड निळसर असतो आणि त्या निळ्यासमोर कंदिलाचा केशरी उठून दिसतो. अर्धा परिणाम रंगांच्या या विरोधातच आहे.

खिडक्या किंवा पांढरं आकाश या मल्टिप्लायनेही उजळ राहिलं असेल, तर मूळ फोटोच्या लेअरवर 'कलर्स → कर्व्ह्ज'मधून वरचं टोक जरा खाली घ्या.

४. कंदिलाचा आकार पकडा

चांदणीचा कंदील असेल तर फ्री सिलेक्ट टूल (एफ की) घ्या आणि एकेका टोकावर क्लिक करत फिरा. सरळ कडांना तेच सोपं. शेवटी पहिल्या ठिपक्यावर क्लिक करून एंटर. गोल किंवा मडक्यासारखा कंदील असेल तर पाथ्स टूल. झिरमिळ्या या निवडीत घेऊ नका. बल्ब वर पोटात असतो, शेपट्या त्याच्या उजेडाने फक्त वरच्या टोकाला उजळतात. त्या नंतर ब्रशने करू.

मग 'सिलेक्ट → फेदर', दोन-तीन पिक्सेल. आणि लगेच 'सिलेक्ट → सेव्ह टू चॅनेल'. आता हा आकार कायमचा तुमच्याजवळ राहिला. कधीही लागला की चॅनेल्सच्या टॅबमध्ये त्यावर उजवी क्लिक करून 'चॅनेल टू सिलेक्शन'.

इथे एक खड्डा आहे. चॅनेल जतन केल्यावर गिंप त्या चॅनेललाच कामाचा थर समजतं. तुम्ही ब्रश फिरवता आणि चित्रावर काहीच उमटत नाही. मग माणूस गिंपला शिव्या घालतो. लेअर्सच्या टॅबवर परत जा, हव्या त्या लेअरवर क्लिक करा आणि मगच पुढे.

निवड चालू असतानाच निळ्या मल्टिप्लाय लेअरला मास्क जोडा (मास्कवर जिथे काळं तिथला लेअर लपतो, जिथे पांढरं तिथला दिसतो): 'लेअर → मास्क → ॲड लेअर मास्क', पांढरा. मास्कवर क्लिक करून निवडलेल्या भागात काळा रंग भरा. कंदिलावरचा निळा पडदा तेवढ्यापुरता उठेल.

५. आतला दिवा

पुढे जाण्याआधी एकदा खरा पेटलेला कंदील नीट बघा. बल्बच्या समोरचा कागद जवळजवळ पांढरा दिसतो, कडेकडेला कागदाचा खरा रंग गडद होत जातो. कामट्या उजळत नाहीत. त्या आतून काळ्या रेघांसारख्या दिसतात. जिथे कागदावर कागद चिकटवलाय तिथली पट्टी जरा मंद असते. टोकांपर्यंत उजेड पुरत नाही, म्हणून चांदणीची पाचही टोकं पोटापेक्षा अंधारी. हे चार तपशील आले की बघणाऱ्याला शंका येत नाही, मग बाकी कितीही साधं असो.

आता करायचं असं. सगळ्यात वर नवा पारदर्शक लेअर, मोड 'डॉज'. कंदिलाची निवड चालू ठेवा. फोरग्राउंडचा रंग केशरी (२५५, १४०, ३०). ग्रेडियंट टूल (जी की), प्रकार 'एफजी टू ट्रान्स्परंट', आकार 'रेडियल'. बल्ब जिथे असेल तिथून टोकांच्या थोडं अलीकडेपर्यंत ओढा. रेघेची टोकं नंतरही सरकवता येतात. मनासारखं झालं की एंटर. ओपॅसिटी साठच्या आसपास.

डॉजच का? 'स्क्रीन' आणि 'ॲडिशन' हे दोन मोड उजेड वरून ओततात. मधल्या राखाडीवर, म्हणजे १२८वर, १२८ टाकलं तर स्क्रीनमध्ये सुमारे १९२ मिळतं. पण दोन्हींत काळी कामटीही उजळते आणि कागदाची वीण पुसली जाते. डॉज आहे त्या उजेडाला गुणतो. काळं काळंच राहतं, उजळ ते आणखी उजळतं. म्हणजे कागद पेटतो, कामट्या तशाच राहतात. आपल्याला हवं तेच.

यावर आणखी एक पारदर्शक लेअर, या वेळी मोड 'स्क्रीन'. रंग फिकट पिवळसर पांढरा (२५५, २४०, २००). तसाच रेडियल ग्रेडियंट, पण छोटा: बल्बच्या जागेवर, कंदिलाच्या पाव रुंदीएवढा. हा उजेडाचा गाभा. कॅमेऱ्यात दिव्याचा मधला भाग रंग हरवून पांढरा पडतो, कारण तिथे सेन्सर भरून वाहतो. सगळीकडे एकसारखा पिवळाधमक रंग दिला तर कंदील रंगवलेला दिसेल.

रंगाचं एक लक्षात ठेवा. बल्ब पिवळा असला तरी लाल जिलेटीनमधून बाहेर येणारा उजेड लाल असतो, हिरव्यातून हिरवा. रंगीबेरंगी कंदिलावर सरसकट केशरी ओतला की हिरव्या पाकळ्या चिखलासारख्या दिसतात. अशा वेळी डॉज लेअरवर केशरीऐवजी मंद राखाडी वापरा, कागदाचे रंग आपोआप वर येतात.

६. भोवतीची आभा, तीन थरांत

हा भाग सावकाश करा.

एकच ब्लर करून भागवलं की कंदिलाभोवती ठरावीक जाडीचं कडं दिसतं आणि पुढे एकदम काहीच नाही. खरी आभा दिव्याला लागून तीव्र असते, झटकन उतरते आणि मग खूप लांबपर्यंत अगदी पुसट रेंगाळते. एका गॉशियन ब्लरला हे तिन्ही जमत नाही. म्हणून तीन.

मूळ फोटोच्या लेअरवर जा, चॅनेलमधून कंदिलाची निवड परत आणा, कंट्रोल + सी. मग 'एडिट → पेस्ट ॲज'मधून नवा लेअर त्याच जागी चिकटवा. 'इन प्लेस' लिहिलेला पर्याय घ्या, नाहीतर कंदील भलतीकडे जाऊन बसतो. या लेअरला सगळ्यात वर न्या. 'कलर्स → ह्यू-सॅच्युरेशन'मधून रंग जरा भडक करा, कारण ब्लर झाल्यावर रंग फिका पडतो. पांढऱ्या कागदाचा कंदील असेल तर त्यावर थोडा केशरी चढवा.

आता दोन गोष्टी, आणि याच क्रमाने:

- 'लेअर → लेअर टू इमेज साइज'. चिकटवलेला लेअर फक्त कंदिलाएवढा असतो. तो वाढवला नाही तर आभा चौकोनी कापली जाते.
- 'सिलेक्ट → नन' (कंट्रोल + शिफ्ट + ए). निवड चालू राहिली तर ब्लर कंदिलाच्या आतच कोंडतो आणि बाहेर काहीच येत नाही.

मला जे लोक 'ग्लो येतच नाही' म्हणून स्क्रीनशॉट पाठवतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं घोडं या दोनपैकी एका ठिकाणी अडलेलं असतं.

लेअरच्या आणखी दोन नकला काढा (कंट्रोल + शिफ्ट + डी). तिघांचाही मोड 'स्क्रीन'. मग प्रत्येकावर वेगळा गॉशियन ब्लर. आकडे पाठ करू नका, कंदिलाच्या रुंदीच्या हिशेबाने घ्या. कंदील ६०० पिक्सेल रुंद असेल तर:

- पहिला १२ पिक्सेल, ओपॅसिटी ८०. कडा मऊ होते.
- दुसरा ६० पिक्सेल, ओपॅसिटी ५५. ही डोळ्याला जाणवणारी आभा.
- तिसरा २४० पिक्सेल, ओपॅसिटी २५. ही वेगळी दिसता कामा नये, बंद केल्यावर मात्र तिची उणीव भासली पाहिजे.

म्हणजे रुंदीच्या साधारण दोन, दहा आणि चाळीस टक्के. एक्स आणि वाय या दोन आकड्यांमधली साखळी जोडलेली ठेवा, नाहीतर आभा लांबोडकी होते. तिसऱ्या ब्लरला जुना लॅपटॉप जरा वेळ घेईल.

गिंप ३.०मध्ये फिल्टर लेअरवर वेगळा राहतो, लेअरसमोर 'एफएक्स' असं चिन्ह येतं आणि ब्लरचा आकडा नंतरही बदलता येतो. २.१०मध्ये झाला तो झाला. पटलं नाही तर अन्डू करून परत.

पहिला थर कंदिलाच्या वर आल्याने कामट्या पुसट झाल्या असतील, तर त्याला मास्क जोडून कंदिलाच्या पोटावरून मऊ काळ्या ब्रशने हलकासा हात फिरवा.

७. भिंतीवर उजेड पडू दे

इथपर्यंत आल्यावर लोक थांबतात. कंदील चमकतोय, झालं. पण शेजारची भिंत तशीच निळीकाळी असेल तर कंदील फोटोवर वरून चिकटवलेला वाटतो. उजेड आजूबाजूच्या वस्तूंवर दिसतो तेव्हाच दिवा पेटलाय हे पटतं.

नवा पारदर्शक लेअर, मोड 'डॉज', आभेच्या थरांच्या खाली. 'हार्डनेस ०२५' हा मऊ ब्रश, मोठा आकार, ब्रशची ओपॅसिटी दहा-पंधरा टक्के, रंग केशरी. आता विचार करत रंगवा: कुठली बाजू कंदिलाकडे तोंड करून आहे? ग्रिलच्या गजांची फक्त आतली कड उजळेल. छताचा कंदिलावरचा भाग उजळेल. कुंडीतल्या तुळशीची अलीकडची पानं उजळतील, पलीकडची अंधारात राहतील. झिरमिळ्यांची वरची टोकं आता करून घ्या.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मोजत बसू नका, पण हात त्या बेताने ठेवा. कंदिलाजवळ ब्रशचे दोन-तीन हात मारा, वीतभर लांब गेलात की अर्धा, त्यापुढे सोडून द्या. सगळी भिंत सारखी उजळली तर तिथे ट्यूबलाइट लावल्यासारखं होईल.

कंदिलाच्या पुढून जाणारं काही असेल, म्हणजे वायर, वेलीची फांदी, दोरी, तर ते गडद राहू द्या. आभेच्या थरांवर मास्क लावून तिथला उजेड थोडा पुसा, सगळा पुसू नका. प्रखर दिव्यासमोरच्या दोरीवरही उजेड थोडा सांडतोच.

८. अक्षरं उजळवताना

टेक्स्ट टूल (टी की) घ्या. 'शुभ दीपावली' टाइप करा, रंग पांढरा. आधी शुद्धलेखन तपासा. दी दीर्घ, ली दीर्घ. 'शुभेच्छा' लिहिणार असाल तर अर्ध्या च ला छ जोडा, दुसरा च नाही. उजळलेलं चुकीचं अक्षर साध्यापेक्षा जास्त लांबून दिसतं.

देवनागरीत इथे तीन भानगडी होतात, इंग्रजी व्हिडिओत त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही.

पहिली, फॉन्ट. डीटीपीवाल्यांकडून आणलेले जुने फॉन्ट युनिकोड नसतात. त्यात टाइप केलं की इंग्रजी अक्षरांची जत्रा किंवा चौकोन दिसतात. मुक्त किंवा बलू घ्या आणि गिंप बंद करून परत उघडा म्हणजे यादीत येतील.

दुसरी, अक्षरांमधलं अंतर. निऑनला हवा मिळावी म्हणून इंग्रजीत अक्षरं लांब लांब करतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतराचा आकडा शून्यावरच ठेवा. जागा हवीच तर फॉन्टचा आकार वाढवा.

तिसरी, बाह्यरेषा. काही जण 'टेक्स्ट टू पाथ' करून कडा काढतात. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पाथ केला की त्या प्रत्येक सांध्यावर बारीक उभी रेघ उमटते. त्याऐवजी 'लेअर → ट्रान्स्परन्सी → अल्फा टू सिलेक्शन' करा. त्यात सगळा शब्द एकसंध धरला जातो.

निऑनची नळी हवी तर माझं मत असं की बाह्यरेषेच्या फंदात पडूच नये. पोकळ अक्षरं रसवंतीगृहाच्या पाटीसारखी दिसतात. मुक्तचं सर्वांत बारीक वजन, एक्स्ट्रालाइट, हीच नळी समजा. अल्फा टू सिलेक्शन, नवा लेअर, 'एडिट → स्ट्रोक सिलेक्शन' तीन-चार पिक्सेल पांढऱ्यात, 'जॉइन स्टाइल' गोल. निवड चालू असताना आतही पांढरा भरा. टोकं जराशी गोलसर होतात, काचेच्या नळीसारखी. मूळ टेक्स्ट लेअर पुसू नका, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून लपवा. मजकूर बदलायला तोच लागणार आहे.

मग कंदिलाचीच युक्ती. या लेअरच्या तीन नकला, लेअर टू इमेज साइज, सिलेक्ट नन, तिन्हींना रंग, तिन्हींना वेगळा ब्लर, मोड स्क्रीन. वरची पांढरी नळी तशीच. फक्त तिला आभेच्या रंगाची किंचित झाक द्या, पांढऱ्यापेक्षा जिवंत दिसते. पहिल्या ब्लरचा आकडा इथे जपून: भ, श, प यांच्या पोटातली जागा भरून गेली तर शब्द वाचता येत नाही. अनुस्वार असेल तर तो शिरोरेषेत विरघळतो. झूम शंभर टक्क्यांवर ठेवून तपासा.

रंग कोणता? जॉर्ज क्लोद या फ्रेंच अभियंत्याने १९१०मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे दाखवले, ते लालकेशरी होते. निऑन वायूचा स्वतःचा रंग तोच. निळा हवा तर नळीत आरगॉन आणि पारा घालतात. खाली केशरी कंदील असताना वर अक्षरंही केशरी केली तर दोघं भांडतात. मी गुलाबी किंवा फिकट निळा घेतो आणि अक्षरांची आभा कंदिलापेक्षा निम्मी ठेवतो. शेवटी पत्रिका कंदिलाची आहे.

९. तयार फिल्टर कधी वापरावे

'फिल्टर्स → लाइट अँड शॅडो → ब्लूम' आणि 'फिल्टर्स → आर्टिस्टिक → सॉफ्टग्लो' हे दोन तयार फिल्टर गिंपमध्ये आहेत. फोटोत आधीच पेटलेल्या पणत्यांची रांग असेल तर ब्लूम उत्तम चालतो, कारण तो उजळ ठिकाणं स्वतः शोधतो. न पेटलेल्या कंदिलावर चालवला तर तो पांढरा शर्ट आणि स्टीलचं तांब्याभांडं पेटवतो. सॉफ्टग्लो सगळ्या फोटोवर मऊ थर देतो, चेहऱ्यांना बरा. लेन्स फ्लेअरच्या वाटेला न गेलेलं चांगलं.

फोटोशॉपमध्ये अक्षरांसाठी 'लेअर स्टाइल → आउटर ग्लो' आहे, पण तिथेही एकाच ग्लोवर थांबू नका. ॲडिशनला तिथे 'लिनिअर डॉज' म्हणतात, आपल्या डॉजला 'कलर डॉज'. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीतही हीच नावं.

१०. काही बिघडलं तर

ब्रश चालत नाही: कुठेतरी छोटी निवड चालू आहे, किंवा चॅनेल वा मास्क सक्रिय आहे. कंट्रोल + शिफ्ट + ए, मग लेअरवर क्लिक.

सगळं धुरकट दिसतंय: तिसरा थर जास्त झालाय. दहा टक्क्यांवर आणून बघा, मग हळूहळू वर.

कंदील पिवळा डाग दिसतोय: गाभ्याचा लेअर मोठा झालाय, किंवा ॲडिशन वापरलंय.

नक्की कळत नाही पण काहीतरी खोटं वाटतंय: बहुतेक पायरी ७ राहिली.

११. पाठवण्याआधी

गोल पट्टे अजून दिसत असतील तर 'लेअर → न्यू फ्रॉम व्हिजिबल' करून त्या एकत्र लेअरवर 'फिल्टर्स → नॉइज → आरजीबी नॉइज' अगदी कमी द्या, ०.०२च्या आसपास. दाणे डोळ्याला दिसत नाहीत, पट्टे मात्र मोडतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि आकाशातले पट्टे तिथेच सर्वांत आधी उफाळून येतात, म्हणून हे फुकट जात नाही.

स्टेटससाठी 'इमेज → स्केल इमेज'मधून १०८० × १९२० करा. फोटो त्या प्रमाणात नसेल तर आधी कापून घ्या. मग एक्स्पोर्ट, जेपीजी, दर्जा ९०च्या पुढे. सोसायटीच्या ग्रुपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसाच्या तसा पोचतो. लहान केलेली प्रत एक्ससीएफवर जतन करू नका. एक्स्पोर्ट झाल्यावर अन्डू करा, मग सेव्ह.

छापायचं असेल तर थोडी वेगळी गोष्ट. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. कागदावरचा सर्वांत उजळ रंग म्हणजे कोरा कागद, त्यामुळे केशरी आभा छपाईत हमखास मंदावते आणि निळ्या अंधाराचा लगदा होतो. छापायची प्रत वेगळी काढा: मल्टिप्लाय लेअर दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा, गाभा जवळजवळ पांढरा ठेवा, तिसरी आभा थोडी वाढवा. चकचकीत कागद सांगा. आणि पाचशे प्रती टाकण्याआधी त्याच यंत्रावर त्याच कागदाची एक प्रत काढून मागा. प्रेसवाला कुरकुर करेल, तरी मागा.